आमेन म्हणण्याआधी
नाताळच्या सुट्टीत बेलापूरला घरी होतो. रविवारच्या उपासनेला बाहेरगावचे एक वक्ते आले होते. संदेश देता देता ते शाळेच्या पुस्तकांवर आले. दहावीच्या पुस्तकातून डार्विन गेला, देवाची स्तुती असो, असं ते म्हणाले आणि सगळ्यांनी जोरात 'आमेन' म्हटलं. शेजारी बसलेली भाची माझ्या कानात कुजबुजली, "मामा, आमच्या पुस्तकात तर आहे. पहिलाच धडा."

तिचं बरोबर होतं. डार्विन गेला तो एनसीईआरटीच्या पुस्तकातून. 2023 मध्ये नवी छपाई आली तेव्हा 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती'मधली उत्क्रांती गायब होती. 1800हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्र लिहून विरोध केला. आपल्या राज्य मंडळाच्या पुस्तकात मात्र विज्ञान भाग 2चा पहिला धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हाच आहे. म्हणजे गावातल्या मराठी शाळेतली पोरगी जे शिकते, ते महागड्या सीबीएसई शाळेतल्या पोराला दहावीत मिळत नाही. तो पुढे कॉमर्सला गेला तर कधीच मिळणार नाही. (शिल्लक ठेवलेला अर्धा धडा ज्याच्या वाटाण्यांवर उभा आहे तो ग्रेगोर मेंडेल ख्रिस्ती मठवासी होता, हेही वक्त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.)

त्यांचा हुकमी सवाल होता, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलंय? हे मी आधी ऐकलं होतं. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनाला आलेले तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह हेच म्हणाले होते आणि शाळेचा अभ्यासक्रम बदला, अशी त्यांची मागणी होती. तो मुद्दा आमच्या चर्चमध्ये 'आमेन'सकट पास झाला, आणि त्यात कुणालाच काही विचित्र वाटलं नाही.

पाहिलं कुणी? मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. दोन कंपन्यांच्या प्रोग्रॅममध्ये एकाच जागी एकच चूक सापडली, तर कॉपी करताना कुणाला पाहिलं नसलं तरी दोन्ही कोड एकाच मुळातून आलेत हे आम्ही ओळखतो. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. आपण नाही बनवत, म्हणून आपल्याला पेरू आणि लिंबू लागतं. पण ते बनवायचा जनुक आपल्यात आहे, फक्त मोडलेला. चिंपांझीतही तो मोडलेला आहे, आणि बऱ्याच अंशी त्याच त्या जागी. गिनीपिगमध्येही तो बंद पडलाय, पण त्याची मोडतोड वेगळी. आता देवाने माणूस आणि चिंपांझी वेगवेगळे घडवताना दोघांत एकच चूक मुद्दाम टाकली, असं म्हणायचंय का? तसा देव मला तरी फसवा वाटतो. मी ज्याची प्रार्थना करतो तो तसा नाही.

आणि पवित्र शास्त्र? उत्पत्तीचा पहिला अध्याय उघडा. संध्याकाळ आणि सकाळ पहिल्या दिवसापासून आहे, सूर्य मात्र चौथ्या दिवशी येतो. पहिल्या अध्यायात प्राण्यांनंतर माणूस, दुसऱ्यात माणसानंतर प्राणी. लिहिणाऱ्यांना हे दिसत नव्हतं, असं समजणं हा त्यांचा अपमान आहे. त्यांना वेळापत्रक द्यायचंच नव्हतं. सोळाशे वर्षांपूर्वी ऑगस्टीनने बजावलं होतं की, निसर्गाबद्दल काहीबाही बोलून विश्वासाचं हसं करून घेऊ नका. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 साली उत्क्रांती निव्वळ तर्कापलीकडची आहे, असं मान्य केलं. आम्ही कॅथलिक नाही, ठीक. पण पृथ्वी सहा हजार वर्षांची, हा हिशेब तरी आमचा कुठे आहे? तो 1650 साली आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने मांडला. आमचीच प्रवरा खाली नेवाशाला जाते. तिच्या काठच्या वाळूगोट्यात हसमुख सांकलियांना सापडलेली दगडी हत्यारं त्या हिशेबात बसत नाहीत.

एक प्रश्न मात्र खरा आहे. मरण पापामुळे आलं, असं पौल रोमकरांच्या पत्रात सांगतो. मग आदामाच्या आधी लाखो वर्षं जी जनावरं मेली, त्यांचं काय? याचं समाधान करणारं उत्तर माझ्याकडे नाही. त्यावर मी प्रार्थना करतो, वाचतो, कधी कधी रात्री झोप लागत नाही. पण माझ्या अडचणीसाठी पोरांचा धडा काढून टाकायचा, हा कुठला न्याय?

कारण आम्ही कोण ते आठवा. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं. आमच्या वाडवडिलांना गावाच्या शाळेत जागा नव्हती. मिशनने खोली बांधली, तीत रविवारी उपासना आणि बाकी दिवस शाळा. माझे पणजोबा तिथे बाराखडी शिकले. 1947 साली भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं, तिथे आमची कितीतरी पोरं विज्ञान शिकली. माणसामाणसाचं मूळच वेगळं असतं, असं सांगून ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांच्या पणतवंडांनी सगळ्यांचा पूर्वज एक असल्याचं सांगणारा धडा गेला म्हणून 'आमेन' म्हणावं?

उपासना संपल्यावर मी हे वक्त्यांना अर्धंमुर्धं बोलून दाखवलं. ते हसले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पुण्याला जाऊन फार शिकलास." मग मी आमच्या पाळकसाहेबांकडे मे महिन्याच्या सुट्टीतल्या बायबल शाळेत एक तास मागितला. उत्पत्तीचा पहिला अध्याय आणि विज्ञान भाग 2चा पहिला धडा, दोन्ही समोर ठेवून. ते म्हणाले, "बघू, कमिटीला विचारतो." भाचीने तिचं पुस्तक आत्ताच देऊन ठेवलंय.