रात्रीची गाडी सुटायच्या आत त्या लेकराला विचारा

अहमदपूरकरांनो,

संध्याकाळी स्टँडवर एखादं लेकरू एकटंच बसलेलं दिसलं, तर आजपासून त्याच्याजवळ जा आणि दोन शब्द बोला. ही विनंती सगळ्यांनाच आहे, पण आधी कंडक्टर, ट्रॅव्हल्सचे बुकिंगवाले, चहाच्या गाड्यावरचे आणि रिक्षावाले यांना. घर सोडून निघालेलं पोर सगळ्यांत आधी तुमच्याच नजरेला पडतं.

आपल्या गावाला रेल्वे नाही. पळून जाणारं पोर इथून एसटीनं किंवा ट्रॅव्हल्सनंच निघतं. नांदेडला किंवा लातूरला पोचलं की पुढं मुंबईची रेल्वे आहेच. पुण्याची गाडी तर इथूनच मिळते. म्हणजे आपल्या हातात असतात ते संध्याकाळचे दोन-तीन तास. ते पोर पुणे स्टेशनच्या नाहीतर कल्याणच्या गर्दीत उतरलं, की त्याला गाठणारे दुसरेच असतात. कुणी जेवू घालतो, कुणी काम लावून देतो म्हणतो, कुणी नशेची सवय लावतो. समतोल फाउंडेशनसारख्या संस्था मुंबईकडच्या फलाटांवर अशी मुलं शोधून घरी पोचवतात. त्यांचे उपकार आहेत, पण आपलं लेकरू तिथवर जाऊच का द्यायचं?

जरा निरखून पाहिलं तर ते ओळखू येतं. दप्तर फुगलेलं असतं, पण आत कपडे कोंबलेले. पायात घरातली चप्पल. पुण्याला किती पडतात हे ते दोन-तीनदा विचारतं आणि चुरगळलेल्या नोटा पाठ फिरवून मोजतं. कुणाकडं चाललास म्हटलं की अडखळतं.

दरडावू नका, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. जवळ बसवा, काही खायला द्या आणि १०९८ ला फोन लावा. ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, पैसे पडत नाहीत. धोका दिसला तर ११२. एकटं सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढं न्यावं, असं २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. माहीत असून न कळवणं हा त्याच कायद्यानं गुन्हा आहे. हॉटेल-ढाबेवाल्यांनो, ‘राहू दे इथंच, भांडी घासेल’ ही दया नव्हे. ती बालमजुरी आहे.

मुलींबद्दल वेगळं सांगायलाच हवं. दसऱ्यानंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात, आणि वयात आलेल्या लेकीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, या काळजीनं कितीतरी घरांत तिचं लग्न उरकून टाकतात. ते लग्न टाळायला ती घराबाहेर पडली, तर ‘पळून गेली’ म्हणून तिच्या नावाची गावभर चर्चा करू नका. तिला परस्पर त्याच मांडवात नेऊन सोडणं तर सर्वांत वाईट. अठराच्या आतलं लग्न लावणं २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना कळवा.

आई-बापांनो, मार्क कमी पडले, मोबाइल काढून घेतला, बाप पिऊन मारतो, अशा कारणांनी पोरं निघतात. पोर घरी आलं नाही तर भावकीत बभ्रा होईल म्हणून रात्रभर गप्प बसू नका. ‘उद्यापर्यंत वाट बघा’ असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. हरवलेल्या मुलाची तक्रार लगेच नोंदवावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. आणि पोर परत आलं तर त्या रात्री हात उगारू नका. मार खाल्लेलं पोर पुन्हा निघतं, आणि त्या वेळी लांब जातं.

क्लास आणि वसतिगृह चालवणाऱ्यांनो, गैरहजर मुलाच्या घरी त्याच दिवशी फोन करा. परीक्षा पुन्हा द्यायला थांबलेल्या, अठरा ओलांडलेल्या रिपीटर पोरांना १०९८ चा आधार नाही, त्यांना तुम्हीच विचारायचं आहे.

दुकानदारांनी १०९८ हा आकडा दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा, लेकराला वाचता येईल इतका खाली. रंगाचा डबा आजच आणा.