जोडीला वार ठरवून द्या

गीतकार आणि संगीतकार यांची जोडी जमते ती मनं जुळल्यामुळे, असा आपल्याकडे एक लाडका समज आहे. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या मराठीतल्या सर्वांत मोठ्या जोडीपुढे तो टिकत नाही. दोघेही १९१९ साली जन्मलेले. माडगूळकर माणदेशातल्या शेटफळ्याचे, फडके कोल्हापूरचे. फडके संघाच्या संस्कारातले, सावरकरांना मानणारे, १९५४ च्या दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात उतरलेले. माडगूळकर काँग्रेसच्या जवळचे, पुढे १९६२ पासून विधान परिषदेत. मनं जुळणं हीच अट असती, तर ही जोडी कधीच फुटली असती. ती टिकली याचं कारण त्यांच्या कामाच्या पद्धतीत शोधायला हवं.

गीतरामायणाचाच दाखला घ्या. १ एप्रिल १९५५, रामनवमी, शुक्रवार. पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत गेलं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत, १९ एप्रिल १९५६ पर्यंत, दर आठवड्याला नवं गीत जात राहिलं. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ वर गेली. इथे आधी शब्द होते, चाल नंतर. एरवी चित्रपटांसाठी माडगूळकर तयार चालीवरही लिहीत, त्यामुळे सुराला शब्दाकडून काय लागतं हे त्यांना लेखणी कागदावर टेकण्याआधीच ठाऊक असे. ऱ्हस्व-दीर्घ, श्वास घ्यायची जागा, स्वरावर रेंगाळू देणारं अक्षर, हे सारं त्यांच्या ओळीत आधीच बसलेलं असे. फडके स्वतः गायक. शब्द स्पष्ट पोचलाच पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष. म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याचं काम आतून कळत होतं, आणि तरी कवीचं काम कवीकडे आणि चालीचं संगीतकाराकडे राहिलं. मला यातलं मोल जास्त वाटतं ते या संयमाचं. दुसऱ्याचं काम न कळणारा माणूस त्यात ढवळाढवळ करतो, अर्धवट कळणारा तर हमखास करतो.

यावर कुणी म्हणेल, दोघेही असामान्य होते, पद्धतीचं कौतुक कशाला? पण दोघांनी इतरांबरोबरही उत्तम काम केलं. माडगूळकरांनी वसंत पवार, दत्ता डावजेकर यांच्यासाठी लिहिलं, फडक्यांनी जगदीश खेबुडकर यांच्या शब्दांना चाली दिल्या. प्रतिभा तीच होती. सलग वर्षभर एका सूत्राने चाललेली निर्मिती मात्र तिथेच झाली, जिथे आकाशवाणीच्या सीताकांत लाड यांनी आठवड्याचं बंधन घातलं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुदतीखाली कला मरते. मरतेही, काम घाईत उरकायचं असेल तेव्हा. इथे वेळ कमी असला तरी कोण काय करणार, हे आधीच ठरलेलं होतं. गाणारे बदलत, कधी वसंतराव देशपांडे, कधी माणिक वर्मा. पण कवी आणि संगीतकार तेच, म्हणून प्रत्येक आठवड्याला नव्याने सुरुवात करावी लागत नव्हती.

हे इथे, पिंपरी-चिंचवडच्या वाचकांपुढे मांडायला कारण आहे. निगडी प्राधिकरणातल्या नाट्यगृहाला आपण गदिमांचं नाव दिलं. जुळ्या उद्योगनगरीत आणि चाकणच्या पट्ट्यात मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेली मुलं पाळ्या करतात, आणि त्यांच्यात लिहिणारेही आहेत, चाली बांधणारेही. त्यांना आपण सहसा काय देतो? वर्षातून एकदा स्पर्धा, एक करंडक, एक फोटो. स्पर्धेतून गायक पुढे येतो, जोडी बांधली जात नाही, कारण जोडीला लागते ती ठरलेल्या दिवशी पुन्हा एकत्र बसण्याची सक्ती. खर्च मोठा नाही. गदिमा नाट्यगृहातली किंवा चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहातली एखादी लहान खोली, महिन्याचा एक ठरलेला गुरुवार, कारण इथल्या अनेक कारखान्यांना त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी असते, आणि नियम इतकाच की एक गीतकार, एक संगीतकार, वर्षभर तेच दोघे, दर वेळी नवं गाणं. बक्षीस नको, परीक्षक नकोत. पाळी बदलली म्हणून एखाद्याचा गुरुवार चुकला, तर पुढच्या खेपेला दोन गाणी आणावीत. महापालिकेने येत्या अंदाजपत्रकात यासाठी तरतूद करावी आणि नोंदणी व्यक्तीच्या नावाने न करता जोडीच्या नावाने करावी.