कर्जालाच श्रीमंती म्हणणारे घरकुल



घरकुलाच्या यादीत नाव का नाही, हे विचारायला आपल्यातला कोणी ग्रामपंचायतीत गेला की त्याला एक ठरलेले उत्तर मिळते : 'तुम्ही निकषात बसत नाही.' घराच्या भिंती मातीच्या, छपरावर गंजलेले पत्रे, पावसाळ्यात धान्याची कणगी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवायची पाळी. तरीही आम्ही निकषात बसत नाही. असे हे निकष आहेत तरी काय, ते एकदा सगळ्यांनी नीट वाचले पाहिजेत.

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली आली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०२८-२९ पर्यंत मुदतवाढ दिली आणि आणखी २ कोटी घरांचे उद्दिष्ट ठरवले. त्या वेळी अपात्रतेच्या अटी १३ वरून १० वर आणल्या. दुचाकी, फ्रीज असलेल्याला नाकारणारी अट काढली. बरे झाले. मासिक कमाईची मर्यादा १० हजारांवरून १५ हजारांवर नेली. तेही बरे झाले. पण उरलेल्या दहांत दोन अटी अशा आहेत की त्या खास आपल्यासाठीच लिहिल्या असाव्यात. पहिली : ५० हजार किंवा त्याहून जास्त मर्यादेचे किसान क्रेडिट कार्ड ज्याच्याकडे आहे तो अपात्र. दुसरी : ज्याच्याकडे ५ एकर किंवा त्याहून जास्त कोरडवाहू जमीन आहे तो अपात्र.

पहिली अट बघा. किसान क्रेडिट कार्ड म्हणजे काही बँकेतली ठेव नव्हे. ते पीककर्ज आहे. बी, खत, औषध आणि मजुरी रोखीने भागवता येत नाही म्हणून आम्ही ते काढतो. नोकरदाराची श्रीमंती त्याच्या शिलकीवरून मोजतात. शेतकऱ्याची श्रीमंती त्याच्या कर्जावरून मोजायची, असा हा नवा हिशेब आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात याच कार्डावरची सवलतीच्या कर्जाची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर नेण्याची घोषणा झाली. एक खाते म्हणते, शेतकऱ्याला आणखी कर्ज देऊ. दुसरे खाते म्हणते, ५० हजारांची पत असलेल्याला घराची गरज काय? आणि कडी म्हणजे याच योजनेच्या नियमांत लिहिले आहे की लाभार्थ्याला हवे असल्यास ७० हजारांपर्यंत कर्ज मिळवून देण्यास मदत करावी. यादीत नाव येण्याआधी कर्ज काढले तर तुम्ही श्रीमंत. नाव आल्यावर घर पुरे करायचे तर कर्ज काढा!

आता पाच एकरांची गोष्ट. दिल्लीच्या कागदावर पाच एकर म्हणजे जमीनदारी. आपल्या बरड-मुरमाड रानात एकरी चार क्विंटल कापूस हाती आला तर बरे साल म्हणायचे. पाच एकरांत २० क्विंटल. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. बाजारात तो मिळतो की नाही हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. मिळाला असेच धरू. वीस क्विंटलचे १ लाख ६२ हजार २०० रुपये झाले. यातून अजून बियाण्याची पिशवी, फवारणी, निंदण, वेचणी, गाडीभाडे काहीच वजा केलेले नाही. योजनेची मासिक मर्यादा १५ हजार, म्हणजे वर्षाची १ लाख ८० हजार. पाच एकरवाल्याची ढोबळ विक्रीसुद्धा योजनेच्या स्वतःच्याच मर्यादेत बसते, खर्च वजा केल्यावर तर काय बोलावे! एक अट त्याला गरीब ठरवते, दुसरी श्रीमंत. आणि यादीतून नाव कापायची वेळ येते तेव्हा दुसरीच लागू होते.

शहरासाठी माप कोणते होते तेही पाहू. योजनेचे नाव तेच, प्रधानमंत्री आवास योजना. तिच्या शहरी भागात गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान देण्याची सोय होती. मध्यम उत्पन्न गटासाठी ती मार्च २०२१ पर्यंत चालली. वर्षाला १८ लाखांपर्यंत कमाई असलेल्या कुटुंबाला, २०० चौरस मीटरपर्यंतच्या घरासाठी, सुमारे २ लाख ३० हजार रुपयांपर्यंत व्याजाची सूट मिळत होती. शहरातल्या त्या कुटुंबांशी आमचे भांडण नाही. घर सगळ्यांनाच हवे. पण महिन्याला दीड लाख मिळवणाऱ्याला कर्ज काढले म्हणून मदत, आणि पाच एकर कोरडवाहूवाल्याला कर्ज काढले म्हणून नकार, हा कोणता न्याय?

बरे, यादीत नाव आलेच तर पुढे काय? घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे स्वयंपाकाच्या जागेसकट सुमारे २७० चौरस फूट. मदत १ लाख २० हजार, त्यात केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० टक्के. ही रक्कम २०१६ साली ठरली आणि २०२४ मध्ये योजना वाढवतानाही तीच ठेवली. २०१६-१७ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,१६० रुपये होता, २०२५-२६ मध्ये ८,११०. संकरित ज्वारीचा १,६२५ होता, तो ३,६९९ झाला. हे आकडे सरकारचेच. शेतीचा खर्च दुपटीकडे गेला हे एक कागद मान्य करतो, आणि सिमेंट, सळई, गवंडी जागच्या जागी थांबले आहेत असे दुसरा कागद समजतो. उलट त्या सिमेंटवर जुलै २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के जीएसटी होता. नंतर तो १८ टक्के झाला. आठ वर्षे घरकुलाच्या प्रत्येक पोत्यामागे दिलेल्या मदतीतला हिस्सा सरकारने परत नेला.

राज्य सरकारने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली, त्यात १५ हजार छपरावरच्या सौर संचासाठी. म्हणजे भिंतीसाठी ३५ हजार. रोजगार हमीच्या ९० दिवसांच्या मजुरीचे, २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने, २८ हजार धरा. सगळे मिळून १ लाख ८३ हजार. चौरस फुटाला ७०० रुपयेही पडत नाहीत. (संडासाचे १२ हजार वेगळे, ते संडासालाच पुरत नाहीत.) सातशे रुपये फुटाने स्लॅबचे पक्के घर बांधून देणारा गवंडी कोणाला ठाऊक असेल तर त्याला जिल्हा मेळाव्यात घेऊन यावे, आम्ही त्याचा सत्कार करू. 'लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून' असे आपले जुने लोक सांगून गेले. ही रक्कम ठरवणाऱ्याने यातले दुसरे कधी पाहिलेले दिसत नाही.

पैसे येतात तेही हप्त्याहप्त्याने. जोते झाले, फोटो काढा. भिंती झाल्या, फोटो काढा. मोबाइलवर फोटो चढला की पुढचा हप्ता. हिशेबासाठी हे ठीक आहे. पण हप्ता अडकला तर दंड कोणाला? जुने घर पाडून पत्र्याच्या आडोशाला राहणाऱ्या कुटुंबाला. उसाचे बिल १४ दिवसांत दिले नाही तर कारखान्याला व्याज लागते, असा कायदा आहे. मग घरकुलाच्या हप्त्याला का नाही?

घर कसे असावे हेही आपणच सांगितले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, ज्वारीच्या मुलखात, ५२ गावे नव्या जागी वसवली. घरे जमिनीच्या मापाने ठरली : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट, तर सात हेक्टरांवरच्याला ७५०. घरे पक्की मिळाली, त्याचे मोल कमी नाही. पण आखणी शहरी वसाहतीची. बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, याचा विचार आखणाऱ्याने केला नाही. लोकांनी मग पुढे-मागे पत्र्याचे आडोसे उभारले. त्याच पुनर्वसनात दीड लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती मात्र मालकांनी मदत घेऊन स्वतः उभे राहून केली. त्यांनी जागा सोडली नाही आणि गोठाही सोडला नाही. ज्याचे घर त्याच्या हाती बांधकाम, हा धडा तेव्हाच मिळाला आहे. घरकुलात ठेकेदाराला दार उघडायचा कोणी प्रयत्न केला तर हे त्याला ऐकवा.

आम्ही महाल मागत नाही. कापसाला आणि ज्वारीला खर्चावर आधारित दाम मिळाले असते तर आमचे घर आम्हीच बांधले असते, हेही लपवत नाही. पण योजना जोवर आहे तोवर तिचे माप सरळ हवे. म्हणून मेळाव्यापुढे या मागण्या ठेवत आहोत :

१. किसान क्रेडिट कार्डाची आणि ५ एकर कोरडवाहू जमिनीची अट रद्द करा. घराच्या भिंती, छप्पर आणि खर्च वजा जाता उरणारी मिळकत पाहा.

२. घरकुलाची रक्कम दर वर्षी सिमेंट, सळई, विटा आणि गवंड्याच्या मजुरीच्या दराने वाढवा.

३. फोटो चढल्यापासून ठरावीक दिवसांत हप्ता द्या. उशीर झाल्यास व्याज द्या.

४. पैसा आणि नकाशा घरमालकाच्या हाती राहू द्या. शेतकऱ्याच्या घराला गोठ्याची जागा धरूनच आखणी करा.

५. कापलेले प्रत्येक नाव कारणासह ग्रामसभेत मोठ्याने वाचा.

पाचव्या मागणीसाठी मुंबई-दिल्लीची वाट पाहायची गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. पुढच्या ग्रामसभेला बायाबापड्यांसह सगळ्यांनी जावे. यादी वाचायला लावावी. ज्याचे नाव कर्जापायी किंवा पाच एकरांपायी कापले, त्याचे नाव, जमीन, कर्ज आणि घराची स्थिती ठरावात लिहून घ्यावी. त्या ठरावाची सहीशिक्क्याची प्रत जिल्हा मेळाव्याला आणावी. गावोगावचे हे ठराव एकत्र बांधून आम्ही जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार आहोत. प्रत आणायला विसरू नका.