विजेच्या गाड्या आणि उघडी दारे

3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी धावली, त्यास शंभर वर्षे उलटून गेली. या गाडीची थोरवी तिच्या रचनेत आहे. तिला निराळे इंजिन नसते. काही डब्यांच्या खालीच मोटारी बसविलेल्या असतात आणि चालकाची खोली दोन्ही टोकांस असते. त्यामुळे ती स्थानकातून निघताच वेग घेते आणि शेवटच्या स्थानकी इंजिन फिरविण्यात वेळ न दवडता आल्या वाटेने परतते. ठाण्यास किंवा बोरिवलीस बिऱ्हाड करून कोटात चाकरी करणे सामान्य गृहस्थास सोपे झाले, ते या सोयीमुळेच.

परंतु यंत्र सुधारले, दार मात्र उघडेच राहिले. ऐन गर्दीच्या वेळी डब्यातील एका चौरस मीटर जागेत 14 ते 16 माणसे उभी असतात, आणि ज्यांस आत पाऊल ठेवता येत नाही ते दाराशी लोंबकळतात. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ असेच उतारू खाली पडून प्राणास मुकले. यास दैवगती म्हणणे म्हणजे आपले कर्तव्य दैवाच्या माथी मारणे होय.

आपोआप मिटणाऱ्या दारांची वातानुकूलित गाडी मुंबईत 2017 साली सुरू झाली. परंतु तिचे भाडे गरिबास परवडत नाही. साध्या गाडीस नुसती दारे लाविली तर आतील लोक गुदमरतील, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच दारांस झरोके, छतावर हवा खेळविणारी यंत्रे आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट, अशी योजना रेल्वे मंत्रालयाने 2025 साली जाहीर केली. ते वचन सर्व गाड्यांच्या बाबतीत सत्वर पाळले जावे.

तथापि दारे मिटली म्हणजे गर्दी मिटली, असे नव्हे. आज जो दाराशी लोंबकळतो, तो उद्या फलाटावर तिष्ठेल. सर्वांनी एकाच घटकेस कामावर हजर व्हावे, हा हट्ट सुटल्यावाचून गर्दी ओसरणार नाही. कामाच्या वेळा वाटून घ्याव्या, अशी विनंती मध्य रेल्वेने 2023 साली कचेऱ्यांस केली होती. आमच्या वाचकांत पेढीवाले, दुकानदार व कचेऱ्यांचे चालक पुष्कळ आहेत. त्यांनी निम्मी माणसे तासभर उशिरा बोलाविली, तर त्यास ना कायदा लागतो, ना सरकारी पैसा. दहा मिनिटांच्या उशिरासाठी कारकुनाचा अर्ध्या दिवसाचा पगार कापणारा धनीच त्यास धावत्या गाडीच्या दाराशी लटकावयास लावतो, हे त्याने विसरू नये.