विनोद आणि वाणीची शिस्त

शिक्षकांच्या नकला करून सोबत्यांस हंसविणारा एखादा विद्यार्थी प्रत्येक वर्गांत असतोच. त्याच्याविषयीं दोन मतें ऐकूं येतात. वडील माणसें म्हणतात, "हा वाह्यात निघणार." सोबती म्हणतात, "ह्याला अभ्यास कशाला? ह्याच्या अंगीं उपजतच कला आहे." आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकतात. ब्रिटिश विनोदी नट अॅलिस्टर सिम ह्यांचें चरित्र पाहिल्यास ही गोष्ट ध्यानांत येईल.

सिम ह्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १९०० रोजीं एडिंबरो शहरीं एका शिंप्याच्या घरीं झाला. १९२५ पासून १९३० पर्यंत ते तेथील न्यू कॉलेजांत वक्तृत्व शिकवीत असत. पाळक होऊं इच्छिणारे तरुण ह्या संस्थेंत शिकत. शब्द स्पष्ट कसा उच्चारावा, कोठें थांबावें, कोणत्या शब्दावर भार द्यावा, हें ज्यानें इतरांस शिकविलें, तोच पुढें इंग्लंडास हंसविणारा नट झाला! १९३० सालीं लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहांत पॉल रोबसन ह्यांच्या 'ऑथेल्लो'मध्यें त्यांना निरोप्याची लहानशी भूमिका मिळाली. तेव्हां ते एकोणतीस वर्षांचे होते.

त्यांची कीर्ति वाढली ती पुढील वीस-पंचवीस वर्षांत. १९५० सालच्या 'द हॅपिएस्ट डेज ऑफ युअर लाइफ' ह्या चित्रपटांत ते हेडमास्तर झाले. १९५४ सालच्या 'द बेल्स ऑफ सेंट ट्रिनिअन्स'मध्यें तर मुख्याध्यापिका! ह्या बाई अचकटविचकट हावभाव करीत नाहींत. भोंवतीं मुलींचा दंगा चालला असतां त्या गांभीर्यानें व अदबीनें बोलतात, आणि म्हणूनच हंसूं लोटतें. १९५१ सालच्या 'स्क्रूज'मध्यें त्यांनीं साकारलेला कंजूष म्हातारा नाताळच्या सकाळीं बदललेल्या मनानें खिदळूं लागतो, तेव्हां पाहणारा हंसतोही आणि त्याचे डोळेही पाणावतात. शब्दांचें वजन ज्यास ठाऊक नाहीं, त्यास हें साधणार नाहीं.

त्यांच्यांतील शिक्षक शेवटपर्यंत जागा होता. महायुद्धांत १९४० सालीं जॉर्ज कोल ह्या पंधरा वर्षांच्या मुलास सिम दांपत्यानें आपल्या घरीं ठेवून घेतलें व त्याची बोली सुधारली. तोच मुलगा पुढें नामांकित नट झाला, आणि 'स्क्रूज'मध्यें त्यानेंच तरुणपणचा स्क्रूज रंगविला. १९४८ सालीं एडिंबरो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं सिम ह्यांस आपला रेक्टर निवडलें. १९७६ सालीं ते निवर्तले.

पालकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, नकल्या मुलास केवळ दटावूं नये. त्यास एखादा उतारा पाठ करावयास द्यावा, मोठ्यानें म्हणावयास लावावा, व स्नेहसंमेलनांत आधीं लहान भूमिका द्यावी. विद्यार्थ्यांस मात्र एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. तोतऱ्या किंवा लंगड्या सोबत्याची नक्कल करून मिळविलेलें हंसें हा विनोद नव्हे. त्यास ना अभ्यास लागतो, ना बुद्धि. ज्यास खरोखर हंसवावयाचें आहे, त्यानें प्रथम आपले उच्चार शुद्ध करावे.