शहर आणि क्षत्रप



नाशिकची पांडवलेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. तेथील दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचे सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे लेख आहेत. लिपी ब्राह्मी, पण नहपानाची ‘क्षत्रप’ ही पदवी मूळची इराणी. प्राचीन इराणात सुभेदाराला ‘ख्शसपावन’, म्हणजे राज्याचा राखणदार, म्हणत. यातल्या ‘राज्य’ या अर्थाच्या शब्दापासूनच पुढे ‘शहर’ हा शब्द झाला. तो तुम्ही उर्दूत आणि मराठीतही रोज वापरता!

हा इराणी शब्द बेसुतून पहाडावरच्या लेखात आहे. शीरीं-फरहादच्या गोष्टीतला तोच हा पहाड. सुमारे २५०० वर्षांपूर्वी सम्राट पहिला दारा याने तेथे तीन भाषांत लेख कोरवला. पुढे ती लिपी जग विसरून गेले.

१८०२ साली ग्रोटेफेंड नावाच्या जर्मन शिक्षकाने तर्क केला, की इराणी राजांच्या लेखांत आरंभी ‘अमुक, शहांचा शहा, अमुकाचा मुलगा’ असे असावे. त्यावरून काही अक्षरे सुटली. हेन्री रॉलिन्सन १८२७ साली, सतराव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या फौजेत आला. येथे तो फारसी शिकला. पुढे इराणात नेमणूक झाल्यावर त्याने बेसुतूनच्या कड्यावर चढून लेख उतरवून घेतला. सर्वांत अवघड भागाचे ठसे १८४७ साली एका कुर्द मुलाने जीव धोक्यात घालून घेतले. रॉलिन्सनने त्या मुलाचे नाव लिहून ठेवले नाही, हे मला खटकते.

“भाषा शिकून पोट भरेल का?” असे घरी विचारतात. प्रश्न खोटा नाही. या कामात जागा मोजक्या असतात आणि अभ्यासाला वर्षे लागतात. तरीही उर्दू शाळेतल्या मुलामुलींनी या वाटेचा विचार करावा, असे माझे मत आहे. जेर-जबर नसलेला मजकूर वाचण्याची तुम्हांला सवय आहे. इराणच्या जुन्या पहलवी लिपीतही ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नसत, आणि तीही उजवीकडून डावीकडे चालते. शिवाय मराठीमुळे तुम्हांला देवनागरी येते, म्हणून संस्कृतही फार दूर नाही. अर्थात, उर्दू येते म्हणून पहलवी आपोआप येणार नाही. तिची अक्षरे आणि व्याकरण नव्याने शिकावे लागेल.

मुंबईच्या कान्हेरी लेण्यांत, नव्वदाव्या लेण्यात, १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे पहलवीत कोरली आहेत. शाळेची सहल तिकडे गेली, तर ती अवश्य शोधा.