‘कंपास’ कोणासाठी काढला आणि कोणी पाहिला?

शिकागोच्या ‘कंपास प्लेअर्स’ या मंडळीची गोष्ट नेहमी यशाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. १९५५ च्या जुलैत एका बारमध्ये सुरू झाली, दोन-तीन वर्षांत बंद पडली. पण तिच्यातून माइक निकोल्स, इलेन मे, शेली बर्मन निघाले, १९५९ मध्ये ‘सेकंड सिटी’ उभी राहिली आणि अमेरिकेचा विनोद बदलला. मंडळी गेली, कला जगली, असा एकूण सूर. मला हा सूर मान्य नाही. ज्यांच्यासाठी ही मंडळी काढली, ते या गोष्टीत कुठेच दिसत नाहीत, आणि सांगणाऱ्यांना त्याचं काही वाटतही नाही.

आधी हे तंत्र आलं कुठून ते पाहा. लिहिलेली संहिता नाही. प्रसंग ठरलेला, संवाद मंचावर उभ्या उभ्या सुचायचे. तमाशातली बतावणी ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगायला नको. अमेरिकेत याची पद्धतशीर मांडणी केली वायोला स्पोलिन यांनी. त्या शिकल्या नेव्हा बॉइड यांच्याकडे. बॉइड या हल हाउसमध्ये, म्हणजे शिकागोतल्या स्थलांतरित कष्टकऱ्यांच्या वस्तीतल्या समाजकेंद्रात, खेळांमधून काम करणाऱ्या कार्यकर्त्या; पुढे त्यांनी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं. (एम.ए.च्या दोन वर्षांत त्यांचं नाव माझ्या कानावर एकदाही आलं नाही, हे जाता जाता.) स्पोलिन यांनी १९३९ ते १९४१ या काळात सरकारी रोजगार योजनेखाली काम करताना, स्थलांतरितांच्या मुलांना नाटक करता यावं म्हणून हे नाट्यखेळ वाढवले. म्हणजे या कलेचं मूळ वस्तीत आहे, समाजकार्यात आहे.

स्पोलिन यांचा मुलगा पॉल सिल्स आणि सधन घरातला, हार्वर्डमध्ये शिकलेला डेव्हिड शेफर्ड यांनी कंपास काढला. शेफर्डला कामगारांचं नाटक हवं होतं. कारखान्यातला माणूस पाळी संपवून येईल, बिअर घेईल आणि मंचावर स्वतःचं जगणं बघेल, ही कल्पना. सुरुवातीला दर आठवड्याला नवं कथानक, वर्तमानपत्रातल्या बातम्यांवर प्रसंग, प्रेक्षकांनी सुचवलेल्या विषयांवर तिथल्या तिथे नाट्य.

पण मंडळी बसली कुठे? हाइड पार्कमध्ये, शिकागो विद्यापीठाच्या दारात. समोर विद्यार्थी आणि प्राध्यापक. मग मंचावर दुसरं कोण येणार? मनोविश्लेषणाची भाषा बोलणारी जोडपी, लेकरावर रुसलेल्या आया, गाडीत बसून लाजणारी शाळकरी पोरं. निकोल्स आणि मे यांची जोडी विलक्षण होती, त्यात वाद नाही. पण समोरचा वर्ग स्वतःलाच पाहून हसत होता आणि स्वतःवरच खूश होत होता. त्यात एकदा जमलेला प्रसंग हमखास हशा आणतो, म्हणून तो घासूनपुसून पुन्हा पुन्हा होऊ लागला. उत्स्फूर्तपणा मागे पडला, ‘आयटम’ उरले. आणि आयटम विकता येतात. १९५७ च्या सुरुवातीला शिकागोतला कंपास बंद झाला, सेंट लुईसची शाखाही फार टिकली नाही. १९६० मध्ये निकोल्स-मे ब्रॉडवेवर होते.

भांडणं, पैशांची ओढाताण ही कारणं देतात. असतीलही. माझ्या मते मंडळी त्याआधीच संपली होती: कामगार आले नाहीत आणि त्यावाचून कोणाचं काही अडलं नाही, तेव्हा.

नुसतं ‘कामगार’ म्हणून रंगाचा प्रश्न झाकायचाही नाही. हाइड पार्कला लागूनच शिकागोच्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्या होत्या. काळ्यांना घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, असे करार गोऱ्या मालकांनी केले होते आणि विद्यापीठाने त्यांना पाठबळ दिलं होतं. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायालयांना अशा करारांची अंमलबजावणी करायला मनाई केली, तर पुढे ‘शहर नवीकरण’ आलं. ज्या ५५ व्या रस्त्यावर कंपास सुरू झाला, तिथेच १९५५ मध्ये पाडापाडी सुरू झाली. गरीब काळी कुटुंबं उठवली गेली. निकोल्सच्या नावावर एक विनोद सांगतात: हाइड पार्कात काळे आणि गोरे खांद्याला खांदा लावून उभे आहेत, खालच्या वर्गाच्या विरोधात. विनोद अचूक आहे. पण त्यावर हसायला कोण उरलं होतं? ज्यांची घरं शाबूत राहिली ते.

सेकंड सिटीच्या मंचावर पहिला कृष्णवर्णीय कलाकार, बॉब करी, यायला १९६६ उजाडलं. २०२० मध्ये तिथल्या कृष्णवर्णीय कलाकारांनी वर्णभेदाचे अनुभव जाहीरपणे मांडले, तेव्हा प्रमुख अँड्र्यू अलेक्झांडर यांनी ते मान्य करून पद सोडलं. हाही त्याच ‘यशाच्या गोष्टी’चा भाग आहे, पण तो सांगताना आवाज खाली येतो.

शेफर्डचा हट्ट मात्र सुटला नव्हता. १९७० च्या दशकात त्याने ‘इम्प्रोव्ह ऑलिम्पिक्स’चा घाट घातला: कसलेल्या नटांऐवजी साध्या माणसांचे संघ आणि खेळासारखे सामने. शिकागोत पुढे त्याचीही फी भरून शिकायची शाळा झाली.